निवणखोलीचं दार

१

सुरई फुटली तेव्हा तिच्याजवळ कुणीही नव्हतं.

इन्स्पेक्टर मॅडम उंबरठ्यात उभ्या होत्या, हवालदार त्यांच्या पाठीमागे, आणि घराची मालकीण भिंतीकडच्या खुर्चीत, हात मांडीवर पालथे घालून. वारा नव्हता. मांजर नव्हतं. समोरच्या फडताळात काचेच्या सुरया ओळीने उभ्या होत्या, दुपारच्या उन्हात निळ्या-हिरव्या. वरच्या फळ्या भरलेल्या, खालच्या फळीवर मात्र मधे मधे जागा रिकाम्या. तिथलीच एक, कुणी हाक मारावी आणि तिने ओ द्यावी तशी, टणकन वाजली. मग तिचा गळा एकीकडे, पोट दुसरीकडे आणि बारीक चुरा फरशीभर.

चोरांना कॉलरला धरून उचलणारा हवालदार झटकन मॅडमच्या आडोशाला आला.

"ही आणखी एक," मालकीणबाई म्हणाल्या. पोरं-थोरं सगळे त्यांना वहिनीच म्हणत. त्यांच्या आवाजात ना नवल होतं ना भीती. "अजून राग गेला नाही त्यांचा."

"कुणाचा?" मॅडमनी विचारलं.

खुंटीवर एका उंच माणसाचा कोट टांगलेला होता, कोपरांवर झिजलेला. वहिनींची नजर त्या कोटाच्या गळ्याच्या जरा वर होती. माणूस आत असता तर त्याचे डोळे जिथे आले असते, तिथे.

कोट होता उस्तादांचा, वहिनींच्या नवऱ्याचा. काच फुंकण्यात त्यांचा हात धरणारं आसपास कुणी नव्हतं. काही दिवसांपूर्वी सकाळी ते आपल्याच कारखान्यात मरून पडलेले सापडले, डोक्याला मागून मुका मार लागलेला. त्यांचा सख्खा धाकटा भाऊ कोठडीत होता आणि उद्या त्याला कोर्टापुढे उभं करायचं होतं, खुनी म्हणून. आधीच्या साहेबांनी तपास गुंडाळला आणि ते बदलीवर गेले. मॅडमच्या वाट्याला आली फक्त सही. सही करायच्या आधी शेजाऱ्यांची एक तक्रार मात्र निस्तरायची होती. त्या घरात आपोआप काचा फुटतात म्हणे, आमची पोरं झोपेत दचकतात.

"वहिनी, त्या सकाळचं पुन्हा एकदा सांगाल?"

"किती वेळा सांगू, मॅडम? पहाटे मी कारखान्यातून घरी आले तेव्हा ते चांगले होते. अंग गरम होतं. झोपले होते. मग पहिल्या गाडीने तो आला, सरळ कारखान्यात गेला आणि... ज्याला मी माझ्या हाताने भरवलं, त्याने. त्याला सोडू नका."

बाहेर आल्यावर हवालदाराने कपाळ पुसलं. "मॅडम, सही करून टाका आणि सुटा. ही बाई खोटं बोलत नाही. चेहऱ्यावर दिसतं."

"हो ना," मॅडम म्हणाल्या. "तेच तर खटकतंय. ती खोटं बोलत नाहीये, आणि खालच्याच फळीवरच्या सुरया फुटतायत."

२

विझलेली भट्टी पाहवत नाही. घर रिकामं झालं तरी भिंतींना माणसांचा वास राहतो. भट्टी रिकामी झाली की नुसतं तोंड उरतं, काळं, आ वासलेलं. कारखान्यात पाऊल टाकताच मॅडमच्या तळपायांतून गारवा वर चढला. सगळीकडे दगडी फरशी. मधोमध काच लोळवायचा जाड लोखंडी पाटा. त्याच्या कडेला खडूने काढलेली खूण होती. उस्तादांचं डोकं तिथे आदळलं होतं.

भट्टीत कोळसा घालणारा काजळ्या टोपी हातात घेऊन उभा राहिला. त्याचं खरं नाव त्यालाही आठवायला वेळ लागला असता.

"मी पाहिलं, बाईसाहेब. सकाळी मी आलो, तर धाकटा दारातून धावत बाहेर. हातात तुटलेली साखळी, तोंड पांढरं. 'दादा, दादा' म्हणत होता. आता ज्याने मारलं तो कशाला दादा म्हणेल, असं मला वाटलं होतं. पण साहेब म्हणाले, तू कोळसा घाल, डोकं घालू नकोस."

"साखळी कसली?"

काजळ्याने छताकडे बोट दाखवलं. धुराड्यात एक लोखंडी झडप होती, तिला साखळीचं अर्धं शेपूट लोंबत होतं. खाली एक लाकडी घडवंची.

"आणि हे?" मॅडमनी भट्टीला लागून असलेल्या बुटक्या विटांच्या खोलीकडे पाहिलं. तिला लोखंडी दार होतं.

"ती निवणखोली." काजळ्याचा आवाज आपोआप खाली आला, देवघरात आल्यासारखा. "घडवलेली भांडी लाल असतानाच आत ठेवायची, दार लावायचं, फटींना थापीने चिखल लिंपायचा. मग खोली आपल्या आपण निवू द्यायची. घाई केली की काच वरून गार होते, आतून तापलेलीच राहते. वरचं अंग आखडतं, आतलं मागे राहतं. मग आतल्या आत ओढाताण. डोळ्यांना काही दिसत नाही हो. भांडं हसतंय असंच वाटतं. आणि एक दिवस शेजारी कुणी शिंकलं तरी फुटतं." तो थांबला. "उस्ताद चिखल लिंपताना गायचे."

"काय गायचे?"

काजळ्या लाजला, पण त्याने गुणगुणलं:

*नीव गं काचबाई, नीव हळूहळू,*
*आतला जाळ तुझा वाऱ्याला नको कळू.*

हवालदाराने खाकरून दुसरीकडे पाहिलं.

"त्या संध्याकाळी तू निघालास तेव्हा उस्ताद काय करत होते?"

"लिंपण पुरं होत आलं होतं. झडप ओढायची तेवढी राहिली होती. ते काम दुसऱ्या कुणाला देत नसत. घडवंचीवर चढायचं, साखळी ओढायची, झडप बंद, म्हणजे निवणखोलीतली ऊब धुराड्यातून निसटत नाही. झालं की घरी."

"आणि सकाळी झडप?"

"उघडी होती." मग त्याचं त्यालाच काहीतरी टोचलं. "उघडी कशी हो? आत काच ठेवून उस्ताद झडप उघडी टाकून झोपले? आपण चूल पेटती ठेवून गावाला जाऊ, पण उस्ताद..."

मॅडमनी वर झडपेकडे पाहिलं. "पुढे खोली रिकामी कुणी केली?"

"मीच. पार गार झाल्यावर. रीतीप्रमाणे वहिनींच्या फडताळात मांडली भांडी. दाराजवळची पुढची रांग खालच्या फळीवर, मधली मधे, मागची वर. दाराजवळच्यांना वारा लागायची भीती असते, म्हणून खालची फळी महिनाभर विकायची नाही, नजरेखाली ठेवायची. पण उस्तादांच्या हातची पुढची रांग आजवर फुटली नाही कधी. म्हणून म्हणतो बाईसाहेब, काहीतरी आहे तिथे. माणूस गेलेला नाही."

"भूतसुद्धा फळी बघून फोडतं म्हणायचं," हवालदार पुटपुटला. कुणी हसलं नाही.

दाराशी फोडलेल्या लिंपणाचे तुकडे अजून पडून होते. मॅडम उकिडव्या बसल्या. एक तुकडा विटेसारखा भाजून लाल झालेला, त्यावर थापीच्या सरळ रेघा. दुसरा राखाडी, कच्चा, चिमटीत धरला तर भुगा होणारा. दार रसरसून तापलेलं असताना लावलेला चिखल भाजून निघतो. दार बरंच निवल्यावर लावलेला, नुसता वाळतो.

म्हणजे दार दोनदा लिंपलं होतं.

त्यांनी तो राखाडी तुकडा उजेडात धरला. त्यावर थापीच्या रेघा नव्हत्या. शेजारी शेजारी, निमुळत्या चार बोटांच्या खोल खुणा होत्या.

३

डॉक्टरांच्या दवाखान्यात एक शेगडी धगधगत होती आणि डॉक्टर तिला पाठ लावून उभे होते.

"माझ्या दाखल्यात काय चूक आहे? प्रेत गरम होतं. गार पडायला वेळ लागतो. म्हणजे तासा-दीड तासातलं मरण."

"हात कुठे लावलात, डॉक्टर?"

"कपाळाला. गळ्याला."

"हात-पाय वाकवून पाहिलेत?"

डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली.

"उचलणाऱ्यांना विचारलं मी. ते म्हणतात, अंग उबदार पण उजवा हात काही केल्या सरळ होईना. एकाने तर घाबरून सोडूनच दिलं, म्हणाला हे जिवंत आहेत, मुद्दाम ताठ धरतायत."

"असेल," डॉक्टर शेगडीपासून जरा सरकले. "गर्दी होती, बायकांचा आकांत चालला होता. पण ऊब खोटी नव्हती. अंगावर जाड शाल होती. शालीने गरम राहिले असतील."

"शाल कुणाला गरम करत नाही हो. असेल ते राखते. बर्फाच्या लादीवर घातली तर बर्फ राखेल." मॅडमनी टेबलावरचा कागद दाबायचा लोखंडी ठोकळा उचलून त्यांच्या हातावर ठेवला. "गार लागतो ना? आणि हे लाकडी टेबल? तितकं नाही. एकाच खोलीतली दोन्ही. लोखंड हाताची ऊब ओढून घेतं, लाकूड घेत नाही. दगडी फरशीही अशीच अधाशी. ऐन हिवाळ्यात जिवंत माणूस तिच्यावर झोपला तरी पहाटे गारठून उठेल. उस्तादांची भट्टी त्या संध्याकाळीच विझू दिली होती. सगळ्यांनी जे विचारायचं ते विचारलं, की मारलं कुणी. मी एवढंच विचारते, की रात्रभर फरशीवर पडलेलं अंग गरम कसं राहिलं?"

डॉक्टरांनी ठोकळा हळूच खाली ठेवला. आठवताना त्यांचा चेहरा बदलत गेला.

"एक होतं," ते म्हणाले. "तेव्हा मी मनावर घेतलं नाही. निवणखोलीच्या बाजूचा गाल तापल्यासारखा होता. पलीकडचा गार. एकाच माणसाचे दोन गाल."

हवालदाराने स्वतःच्या दोन्ही गालांना हात लावून पाहिला.

"माणूस स्वतःच्या उबेने असा एका बाजूने तापत नाही," मॅडम म्हणाल्या. "एका बाजूने तापतो तो शेकोटीपुढे बसलेला. किंवा बसवलेला."

४

संध्याकाळच्या आतच त्या वहिनींकडे परतल्या. खालच्या फळीवर थोड्याच सुरया उरल्या होत्या. वहिनी त्याच खुर्चीत, हात तसेच पालथे.

मॅडम स्टूल ओढून त्यांच्याजवळ बसल्या. "वहिनी, हात दाखवा."

"कशाला?"

"दाखवा ना."

वहिनींनी हळूहळू हात उताणे केले. बोटांच्या पेरांवर भाजल्याचे डाग होते, नवी गुलाबी कातडी धरू लागलेले.

"तुम्ही निवणखोलीचं दार उघडलंत."

"उघडलं." वहिनींनी चटकन कोटाकडे पाहिलं, चोरी पकडली गेल्यासारखं. "ते म्हणायचे, घराचं दार सताड टाक, पेटीचं टाक, पण ह्या दाराला हात लावू नकोस. आणि मी लावला. म्हणून तर एकेक फोडतायत. मला कळत नाही का? मला ऐकवतायत ते."

"कशासाठी उघडलंत?"

"गारठले होते हो ते." इतके दिवस आवळून धरलेलं काहीतरी सैल झालं. "धाकट्याला शहरातल्या कारखान्यात जायचं होतं, यंत्रावर बाटल्या काढतात तिथे. हे म्हणाले, गेलास तर ह्या घरात पुन्हा पाऊल नाही. तो गेला. आणि आठवड्यात त्याचा मला निरोप, वहिनी, माझं चुकलं, इथे जीव रमत नाही, सकाळच्या पहिल्या गाडीने येतो, दादाला तेवढं सांभाळा. मी यांना सांगितलं तर हे ताटावरून उठले आणि कारखान्यात गेले. रात्री जेवायलाही आले नाहीत. राग आला की बोलायचं बंद. दोन-दोन दिवस. मग मीच गेले. तर पाट्याजवळ आडवे, डोळे मिटून. म्हटलं, रुसलेत. अंगाला हात लावला तर फरशीसारखे गार."

"हाक मारलीत?"

"मारली की. ओ दिली नाही. ओ देतच नसत ना, रागात."

हवालदार दाराकडे तोंड करून उभा राहिला.

"ओढत नेलं मी त्यांना दारापाशी. कसं नेलं, मला विचारू नका. चिखल खरवडून दार हातभर उघडलं. असा लाल उजेड आला तोंडावर... डोकं मांडीवर घेतलं, शाल घातली आणि बोलत बसले. म्हटलं, धाकटा तुमचाच ना? पोरासारखा वाढवलात ना? येऊ द्या त्याला घरी. रात्रभर तेच. हळूहळू अंग गरम झालं. आणि मग, मॅडम," त्यांच्या चेहऱ्यावर एक विलक्षण आनंद उमटला, बघणाऱ्याला भीती वाटावी असा, "त्यांचा हात माझ्या हातात होता ना, त्याची बोटं माझ्या बोटांभोवती घट्ट झाली. मी म्हटलं, ऐकलं यांनी. होकार दिला. मला बोटं सोडवून घ्यावी लागली, इतकी घट्ट. दार पुन्हा लावलं, हाताने लिंपलं, आणि धाकट्यासाठी काहीतरी गरम करायला घरी आले. आणि त्याने येऊन..." आनंद विझला. "मी ज्याच्यासाठी रात्रभर पदर पसरला, त्याने!"

मॅडमना वाटलं, इथेच थांबावं. ह्या बाईजवळ आता फक्त ती एक रात्र आहे. तीही आपण काढून घ्यायची? पण तिकडे कोठडीत एक पोरगा बसला होता. चिखलाचे तुकडे कोर्टाला उमगणार नव्हते. वहिनींचा शब्द उमगणार होता.

"वहिनी, धाकटा रात्रभर शहरात होता. त्याला खानावळीत सगळ्यांनी पाहिलंय. तो आला सकाळी. म्हणून सगळं एकाच गोष्टीवर येऊन थांबतं, की उस्ताद गेले कधी."

"सकाळी. सांगितलं ना."

"झडप उघडी होती. लिंपण झाल्यावर ती बंद करायची. उस्तादांनी ती केली नाही, कारण करता आली नाही. घडवंचीवर चढून त्यांनी साखळी ओढली, साखळी तुटली, ते मागे पाट्यावर पडले. कुणी ढकललं नाही. संध्याकाळीच, काजळ्याची पाठ वळल्यावर. सकाळी धाकट्याने खाली पडलेली साखळी उचलली, एवढाच त्याचा गुन्हा." त्यांनी आवाज आणखी खाली आणला. "सुरयाही ते फोडत नाहीत. तुम्ही दार उघडलंत, वर झडप उघडीच. हिवाळ्याचं वारं आत ओढलं गेलं, पुढच्या रांगेला झोंबलं आणि मागे पोचेपर्यंत तापून गेलं. म्हणून पुढचीच रांग फुटतेय. कुणाचा राग नाहीये त्यात."

"पण ते गरम होते!"

"निवणखोलीने तापवलं त्यांना. ती ऊब त्यांची नव्हती."

"आणि बोटं? बोटं कशी घट्ट झाली?"

मॅडमनी स्टूल आणखी जवळ ओढलं. "माणूस गेला की काही वेळाने अंग आखडतं, वहिनी. शेकलं तर लवकर आखडतं."

खोलीत काहीच वाजलं नाही. वहिनी आपल्या हाताकडे बघत राहिल्या, दुसऱ्या कुणाचा असावा तसा.

"मग मी रात्रभर कुणाशी बोलत होते?"

वहिनींनी मूठ वळली, मग पुन्हा उघडली.

"मी गेल्या गेल्या डॉक्टरला बोलावलं असतं तर?"

"तुम्ही पोचलात तेव्हा ते गार होते. केव्हाच गेलेले होते. खात्रीने सांगते." मॅडमनी होती त्यापेक्षा थोडी जास्त खात्री आवाजात घातली.

वहिनी उठल्या, खुंटीपाशी गेल्या. कोटाच्या छातीवर त्यांनी तळहात ठेवला, काही वेळ तसाच ठेवला. कापडाला स्वतःची ऊब नसते. मग त्यांनी तो कोट खाली काढला, घडी घातली, बाह्या आत दुमडल्या, आणि त्या पहिल्यांदा रडल्या. मोठ्याने, नाक-डोळे न पुसता, शेजारच्या भिंतीपलीकडे ऐकू जाईल असं.

५

सकाळी कोर्टाच्या वेळेआधीच वहिनी चौकीत हजर होत्या. नवी जबानी त्यांनी न अडखळता दिली. एका जागी फक्त थांबल्या. "ते मेले होते" हे शब्द त्यांना दुसऱ्यांदा उच्चारावे लागले, कारण पहिल्यांदा हवालदाराला लिहायला सुचलं नाही.

डॉक्टरही आले होते. त्यांनी आपला जुना दाखला स्वतःच मागून घेतला आणि खाली मान घालून नवा लिहिला. मॅडमनी वहिनींचा अंगठा आणि डॉक्टरांची सही पाहून घेतली, कोठडीची किल्ली हवालदाराकडे टाकली. "सोडा त्याला. कोर्टात मी बघते."

धाकटा बाहेर आला. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. समोर वहिनी दिसताच तो जागच्या जागी थबकला. त्यांच्या तोंडच्या शब्दांनीच आपल्याला इथे बसवलं, हे त्याला ठाऊक होतं.

"भावोजी," वहिनी म्हणाल्या, "चुकलं माझं. तुमचे दादा संध्याकाळीच गेले होते. पडून. मला ते कळून घ्यायचं नव्हतं."

इतक्या दिवसांत त्याने मनात जुळवलेल्या सगळ्या तक्रारी, सगळ्या शपथा मागेच राहिल्या. मग त्याने विचारलं ते अगदी लहान आवाजात, शाळेतून उशिरा आलेल्या पोरासारखं.

"वहिनी, तुम्ही माझा निरोप सांगितलात ना त्याला? शेवटी माझ्याबद्दल काही बोलला का दादा?"

मॅडमनी मान वर केली. हो म्हणणं किती सोपं होतं. बोटं घट्ट झाली होती, एवढंच सांगायचं. ते तर खरंच होतं. पोरगा त्यावर जन्म काढू शकला असता, आणि सांगणारीही.

वहिनींनी पदराने तोंड पुसलं.

"नाही," त्या म्हणाल्या. "रागातच गेले ते. तुमच्यावरही, माझ्यावरही. रात्रभर मी तुमची बाजू मांडली, पण ऐकायला तिथे मी एकटीच होते." त्यांनी त्याच्या खांद्याची धूळ झटकली, मग शर्टाची कॉलर नीट केली. "मी ऐकलं सगळं. मला पटलं. आता घर माझं, आणि भट्टीही. चला, भट्टी पेटवायला दिवस जातो."